दुकानातल्या बरण्या

या महिन्यात खाण्याबद्दलची तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्या पत्राला सगळ्यात जास्त जागा दिली, बाकीच्या दोघांनी रागावू नये.

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय 39. चार एकर वावर आहे, आणि घराच्या समोरच्या खोलीत किराण्याचं दुकान आहे. दुकान मीच पाहते. उंची पाच फूट एक इंच, वजन 84 किलो.

तीन वर्षांपूर्वी ओळखीच्या एका बाईनं वजन कमी करायची पावडर दिली. दोन वेळा पावडर आणि एक वेळ जेवण. तीन महिन्यांत 9 किलो उतरले. गावात सगळे विचारायचे, काय केलं म्हणून. मग पैसे पुरेनात, पावडर बंद झाली, आणि वर्षभरात 14 किलो चढले. तेव्हापासून हे सुरू आहे.

दिवसभर मी तोंडावर ताबा ठेवते. सकाळी सहाला चहा. दुपारी दोनला एक भाकर आणि भाजी. रात्री सगळ्यांसोबत अर्धी पोळी. सोमवार, गुरुवार आणि चतुर्थी धरते. सासूबाई म्हणतात, "काहून वो, दिवसभर तं काही खात नाही, मंग एवढी कशी फुगली?" त्यांना काय सांगू? रात्री अकरानंतर सगळे झोपले की मी दुकानात जाते. लाइट लावत नाही, मोबाइलची बॅटरी लावते. शेव, खारी, क्रीमची बिस्किटं, सोनपापडी. बरणीत हात घातला की थांबतच नाही. चव कळत नाही, पोट दुखायला लागलं की थांबते. आठवड्यातून चार-पाच रात्री तरी असं होते. पाकिटं सकाळी पाणी तापवायच्या चुलीत जाळते. मग स्वतःची एवढी किळस येते की दुसऱ्या दिवशी अजून कमी खाते.

खरी गोष्ट आता लिहिते. दिवाळीनंतर मालाचा हिशोब जुळला नाही. यांना वाटलं, नववीतल्या मुलानं खाल्लं, नाहीतर दोस्तांना वाटलं. त्याला मारलं. मी तिथेच उभी होते, काही बोलले नाही.

माझ्या सासऱ्यांची दारू माळ घातल्यावर सुटली. मीही तशी शपथ घेऊ का? हे व्यसनच आहे का? यावर गोळी आहे का? यांना वजनाचं बोलले तर म्हणतात, "तोंडाले कुलूप लाव, सारं ठीक होते."

उत्तर : बाई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पेन घेऊन बसले आणि फक्त वेळा उतरवून काढल्या. सहाला चहा, दोनला एक भाकर, रात्री अर्धी पोळी, अकराला दुकान. तुम्ही दुकानदार आहात, हिशोब तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला येतो. सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत 17 तास होतात. तेवढ्यात पोटात गेलं काय, तर एक भाकर आणि अर्धी पोळी. त्यातून सोमवार-गुरुवार वजा करा. तुम्हाला रात्रीची चोरी दिसते. मला दिवसभराची उधारी दिसली.

आपल्याकडे या दुखण्याला धड नाव नाही. शिव्या मात्र भरपूर आहेत : खादाड, हावरी, अधाशी, भस्म्या झालाय. डॉक्टरी भाषेत याला 'बिंज ईटिंग डिसऑर्डर' म्हणतात. 1959 साली अल्बर्ट स्टंकार्ड या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं लठ्ठ रुग्णांमध्ये असं खाणं लिहून ठेवलं होतं, पण अमेरिकन मानसोपचाराच्या यादीत स्वतंत्र आजार म्हणून त्याला जागा मिळाली ती 2013 मध्ये. लक्षणं अशी. थोड्या वेळात भरमसाट खाणं आणि आपलं आपल्याला थांबवता येत नाही असं वाटणं. भूक नसताना खाणं, भराभर खाणं, पोट दुखेपर्यंत खाणं, लाजेनं एकट्यानं खाणं, नंतर स्वतःची किळस. हे आठवड्यातून एकदा, असं तीन महिने झालं तरी निदान करता येतं. तुमचं आठवड्यातून चारदा आहे आणि तीन वर्षं आहे. मी तुम्हाला तपासलेलं नाही, म्हणून शिक्का मारत नाही. पण तुमचं पत्र एखाद्या शिकाऊ डॉक्टरला वाचायला दिलं तर त्याचा धडा पाठ होईल.

आता व्यसनाचं. येल विद्यापीठात अ‍ॅश्ली गिअरहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये 25 प्रश्नांची एक प्रश्नावली काढली, दारू-तंबाखूच्या व्यसनाला लावतात त्याच कसोट्या खाण्याला लावून. ठरवल्यापेक्षा जास्त खाल्लं जातं का, सोडायचा प्रयत्न फसतो का, नुकसान दिसत असूनही सुरूच राहतं का, असे प्रश्न. 2016 मध्ये ती 35 प्रश्नांची झाली. ही प्रश्नावली वापरलेल्या बऱ्याच अभ्यासांचा 2014 मध्ये एकत्र आढावा निघाला. त्यात जास्त वजनाच्या लोकांपैकी साधारण चौघांत एक जण या कसोटीत बसला, आणि ज्यांना खाण्याचा आजार आहे त्यांच्यातले निम्म्याहून जास्त. म्हणजे तुम्हाला जे वाटतं ते वेड्यासारखं नाही. तरीही 'अन्नाचं व्यसन' हा आजार म्हणून ना त्या अमेरिकन यादीत आहे, ना जागतिक आरोग्य संघटनेच्या. तज्ज्ञांमध्ये यावर भांडण आहे, आणि भांडणाचं कारण तुमच्या दुकानातच दिसेल.

तुमच्या दुकानात तूरडाळीचं पोतं असेल, ज्वारी असेल, गूळ असेल. रात्री अकराला तुम्ही तुरीत हात घातला का? नाही. हात गेला तो मैदा, साखर, तूप-तेल आणि मीठ एकत्र घोटलेल्या मालात. हा माल बनवणाऱ्यांना आपलं काम चांगलं येतं. 2019 मध्ये केव्हिन हॉल या अमेरिकन संशोधकानं 20 माणसांना दवाखान्यात ठेवून पाहिलं. दोन आठवडे कारखान्यातलं तयार अन्न, दोन आठवडे साधं अन्न, दोन्ही वेळा हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. तयार अन्नाच्या दिवसांत तीच माणसं रोज साधारण 500 कॅलरी जास्त खाऊन मोकळी झाली. व्यसन म्हणणाऱ्यांचा मुद्दा हा, आणि त्यात दम आहे.

दुसऱ्या बाजूचा मुद्दा मला तुमच्या बाबतीत जास्त वजनदार वाटतो. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं तेव्हा, 1944-45 मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सल कीज या शास्त्रज्ञानं 36 धडधाकट तरुण सहा महिने अर्धपोटी ठेवले. ते स्वतःहून आले होते. दिवसातून दोन वेळचं जेवण : बटाटे, ब्रेड, मॅकरोनी असलंच काही. वजन पाव हिश्श्यानं उतरलं. ज्यांना आधी स्वयंपाकघराचा रस्ता माहीत नव्हता ते पाककृतींची पुस्तकं गोळा करू लागले, ताटं चाटू लागले, दिवसभर जेवणाचंच बोलू लागले. बंधनं उठल्यावर काही जण पोट फुटेस्तोवर खायचे आणि तरी म्हणायचे, भूक आहे. या पोरांना आधी कुठलंही व्यसन नव्हतं. उपासमारीनं त्यांना तसं केलं. आता तुमची पावडर आठवा. 9 किलो उतरले तेव्हा गावानं कौतुक केलं, पण शरीरानं दुष्काळ पडला असं धरलं, आणि गुरुवारच्या गुरुवारी तुम्ही त्याला दुष्काळाची आठवण करून देता.

म्हणून माळेचं उत्तर : नको. सासऱ्यांनी दारू सोडली, त्यांना माझा नमस्कार सांगा. दारूबंदीच्या जिल्ह्यात 27 वर्षं नोकरी करून मला ठाऊक आहे की तिथे दारू सोडणं काय असतं. पण दारू सोडलेला माणूस दारूशिवाय जगतो. तुम्हाला सकाळी उठून पुन्हा पोळ्याच करायच्या आहेत. शपथ घेतली तर पहिल्याच लग्नातल्या बुंदीला ती मोडेल, आणि 'मोडलीच आहे तर' म्हणून ती रात्र दुकानात जाईल. 'मोडलीच आहे तर' या तीन शब्दांनी माझ्या पेशंटांचं जेवढं नुकसान केलं तेवढं सोनपापडीनं केलं नाही.

इथे माझंही एक पाप सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत ग्रामीण रुग्णालयात तुमच्यासारखीच एक बाई आली होती, कापूस वेचायला जाणारी. मी तिला 1200 कॅलरीचा छापील कागद दिला. कागदावर सफरचंद होतं, ब्राऊन ब्रेड होता. आमच्या आठवडी बाजारात त्या काळी सफरचंद फक्त आजाऱ्याला न्यायला मिळायचं. दोन महिन्यांनी ती 6 किलो वाढून आली आणि मी तिला सगळ्यांसमोर रागावले, "खोटं नको सांगू, तोंड आवरत नाही तुझं." ती परत आली नाही. पुढे एकदा बाजारात समोर आली तेव्हा वांगी घेता घेता तिनं तोंड फिरवलं. ती खोटं बोलत नव्हती. कागदाप्रमाणे दिवस काढत होती आणि रात्री काय होत होतं ते मी विचारलंच नव्हतं.

तर तुम्ही असं करा. उद्यापासून दिवसा जेवा. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी या आजारावर जी बोलण्याची उपचारपद्धत बसवली, तिच्या पहिल्या पायऱ्यांपैकी ही एक आहे : ठरलेल्या वेळी खाणं आणि तीन-चार तासांपेक्षा जास्त खंड न पडू देणं. सकाळी चहासोबत रात्रीची भाकर खा, साडेनऊ-दहाला बशीभर पोहे किंवा घरात असेल ते. दुपारी दोनऐवजी एकला बसा : भाकर, वरण, भाजी, भात, पोट भरेपर्यंत. पाचला मूठभर फुटाणे किंवा फल्लीदाणे, आणि ते उभ्यानं गल्ल्यावर नाही, बसून. रात्री अर्धी पोळी हा प्रकार बंद. काल रात्री बरण्या रिकाम्या झाल्या असल्या तरी आज सकाळचं खाणं चुकवायचं नाही. सगळ्यात अवघड हेच जाईल.

उपासांचं सासूबाईंना कसं सांगायचं? मी तुमच्या देवाच्या मध्ये येत नाही. पण औषध चालू असलेल्या माणसाला आपल्याकडे उपासातून सूट असते, आणि तुमच्यासाठी वेळेवरचं जेवण हेच औषध आहे, तेव्हा "डॉक्टरीणबाईनं तीन महिने उपास बंद सांगितला" असं खुशाल सांगा. खोटं होणार नाही, मी सांगितलं आहे.

उधारीच्या वहीच्या मागच्या पानांवर रोज लिहा : किती वाजता खाल्लं, काय, कुठे, आणि त्याआधी काय झालं होतं. कॅलरी लिहू नका, बेरीज करू नका. दोन-तीन आठवड्यांत कळेल की दुकानाची रात्र कोणत्या दिवसानंतर येते. माझा अंदाज, गुरुवारनंतर. भांडणानंतरही असेल. दुकानाचं दार रात्री यांनी बंद करावं आणि किल्ली त्यांच्याजवळ राहावी, पण हे तुम्ही मागितलं म्हणून. त्यांनी शिक्षा म्हणून कुलूप लावलं तर तुम्ही घरातल्या साखरेच्या डब्याकडे जाल. काट्यावर महिनाभर उभ्या राहू नका. सुरुवातीला वजन थोडं वाढेलही. आधी दुकानाच्या रात्री थांबवायच्या, वजनाचं त्यानंतर. फेअरबर्न यांच्या त्या उपचारानं बऱ्याच जणांचं असं खाणं सुटतं, पण वजन आपोआप फार उतरत नाही, हे आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर पुन्हा कोणीतरी पावडर घेऊन येईल.

गोळीबद्दल : या आजारात काही औषधं वापरतात, पण ती मानसोपचारतज्ज्ञानं तपासून द्यायची. मेडिकलवाल्याला विचारून नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, आणि सेवाग्रामला मोठ्या दवाखान्यात हा विभाग आहे. तिथे जाताना रक्तदाब, एचबीए1सी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि थायरॉइड करून घ्या. तुमच्या उंचीला 84 किलो म्हणजे बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या हिशोबानं वजनाचा आकडा, 35. भारतीयांसाठी 25 पासून लठ्ठपणा धरतात, म्हणून साखर पाहायलाच हवी. जाणं लगेच जमत नसेल तर 14416 हा सरकारच्या टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या दुखण्यावर फोनवरून मदतीचा, नंबर आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. रात्री अकराला लावून पाहा, दुकानात जायच्या आधी.

राहिला मुलगा. यांना केव्हा सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण मुलाला या आठवड्यात सांगा. लांबण लावू नका. "बरण्या मी रिकाम्या केल्या. मला एक आजार आहे, त्यावर मी इलाज करून राहिली आहे. तुला मार पडला तेव्हा मी गप्प राहिले, ती माझी चूक." एवढंच. तो रागावेल, चार दिवस बोलणार नाही. नववीतलं पोरगं आहे, रागावू द्या. पण घरात आपल्यावर चोरीचा आळ आहे आणि आई कधीच काही बोलली नाही, एवढं मनात धरून त्याला दहावीत जाऊ देऊ नका.

प्रश्न : माझी मुलगी 18 वर्षांची, नागपूरला क्लाससाठी होस्टेलवर आहे. सुट्टीत घरी आली की जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाते आणि नळ सोडून ठेवते. तिच्या बॅगेत बिस्किटांचे रिकामे पुडे आणि जुलाबाच्या गोळ्यांची पट्टी सापडली. वजन अगदी बेताचं आहे, 51 किलो. हे खाण्याचं व्यसन समजायचं का? – एक वडील, अचलपूर

उत्तर : दादा, नावाच्या मागे नंतर लागू. आधी या आठवड्यात तिच्या रक्तातलं पोटॅशियम तपासा आणि ईसीजी काढा. सारख्या उलट्या आणि जुलाब यांनी पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. पोरगी वरून ठणठणीत दिसते, म्हणून घरचे थांबतात. चक्कर, छातीत धडधड, हातापायात गोळे यातलं काही असेल तर आठवडाही थांबू नका.

तुम्ही लिहिलंय ते 'बुलिमिया'सारखं दिसतं. 1979 मध्ये लंडनच्या जेरल्ड रसेल यांनी त्याचं पहिलं नीट वर्णन केलं. भरमसाट खायचं आणि मग उलटी करून, जुलाब घेऊन ते काढून टाकायचं. घशात बोटं घालून दातांवर घासल्यानं बोटांच्या मागच्या सांध्यांवर घट्टे पडतात, त्यांना आजही रसेल यांचंच नाव आहे. वजन बेताचं असणं हे यात नेहमीचं, त्यानं निर्धास्त होऊ नका. पहिल्या पत्रातल्या बाईंचा आणि तुमच्या मुलीचा आजार भाऊबंद आहेत, फरक या काढून टाकण्याचा.

बॅग पुन्हा तपासू नका. "बारीकच तर आहेस, कशाला करते?" हे वाक्य घरात कोणाच्याही तोंडून निघू देऊ नका, आत्याच्याही. तिला सांगा की मी नळाचा आवाज ऐकला, मला काळजी वाटते, सोबत डॉक्टरकडे जाऊ. नागपुरात मानसोपचाराची सोय चांगली आहे, तेव्हा क्लास न सोडता उपचार होऊ शकतो. एक बारीक गोष्ट : उलटीनंतर लगेच दात घासू नको, नुसत्या पाण्यानं चूळ भर, हे तिला सांगा. आम्लानं मऊ झालेले दात ब्रशनं जास्त झिजतात.

प्रश्न : वय 52, वजन 102. बायको म्हणते मला खाण्याचं व्यसन आहे. दोन्ही वेळ पोटभर जेवतो, रविवारी शेगावची कचोरी आणतो, सगळ्यांसोबत खातो. झोप रात्रभर होते पण दिवसा ट्रॅक्टरवर डुलक्या येतात. घोरणं शेजारी ऐकतात. – मेहकर

उत्तर : भाऊ, कचोरी तुम्ही उजेडात खाता, चार माणसांत खाता, आणि संपली की थांबता. याला व्यसन म्हणत नाहीत. लठ्ठ असणं आणि खाण्याचा आजार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर जी प्रश्नावली सांगितली, तिच्या कसोटीत जास्त वजनाच्या चौघांपैकी तिघं बसतच नाहीत. तुमचा हिशोब सोपा असावा : वावरात बैलं होती तेव्हाची ताटं, आणि आता बुडाखाली ट्रॅक्टर. भाकरीचा आकडा कमी करायला तुम्हाला मानसोपचारतज्ज्ञ लागणार नाही, वहिनी पुरेत.

पण डुलक्यांचं मला आवडलं नाही. जोरात घोरणं आणि दिवसा झोप येणं, हे झोपेत श्वास अडकण्याचं लक्षण असू शकतं, आणि तुम्ही ट्रॅक्टर चालवता. वहिनींना एक रात्र जागून पाहायला सांगा, घोरता घोरता श्वास मध्येच थांबतो का. थांबत असेल तर तपासणी होईपर्यंत ट्रॅक्टर पोराच्या हातात द्या. कंबर मोजा, 90 सेंटिमीटरच्या वर नक्की असेल, आणि साखर, रक्तदाब पाहून घ्या. कचोरीचं त्यानंतर बोलू.